जमा मोजली, खर्चाचे काय?

मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो; हतनूर धरणाचा फुगवटा तेथवर पसरतो. नदी ओलांडून रावेर-यावलकडे जाणाऱ्यास मात्र केळीच्या हिरव्यागार बागांबरोबर वर्षागणिक खोल जाणाऱ्या कूपनलिकाही दिसतात. या विसंगतीवर उपाय म्हणून तापी महापुनर्भरण योजनेकडे पाहिले जाते. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्यास यावयाचे आहे.

योजनेमागील शास्त्र भक्कम आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळू यांचे जाड थर आहेत. त्यांत सोडलेले पुराचे पाणी झिरपते आणि तापीकाठच्या गाळाच्या थरांकडे सरकते. वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. थरांची जाडी, त्यांची पारगम्यता आणि विहिरींतील पातळ्या ठाऊक असल्या, की त्याच नियमाच्या आधारे भूजलप्रवाहाची गणिती प्रतिकृती आज संगणकावर उभी करता येते.

परंतु अशी प्रतिकृती हा अखेर जमाखर्चच होय. जमेची बाजू अभियंते मोजतील. खर्चाची कोण मोजणार? १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकास आपल्या जमिनीखालील पाणी उपसण्याची मुभा दिली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजही मोफत आहे. ज्या वस्तूस किंमत नाही आणि जिचे मोजमाप नाही, तिची मागणी पुरवठ्यामागोमाग वाढतच जाते. बारमाही पाणी मागणाऱ्या केळीवर ज्याचा संसार चालतो, त्या शेतकऱ्यास एकट्याने संयम पाळण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. त्याने वाचविलेले पाणी शेजारचा पंप ओढून नेतो. भूगर्भातील पाणी शेताचा बांध ओळखत नाही. या शर्यतीत आणखी खोल जाण्याची ऐपत नसलेला अल्पभूधारक सर्वांत आधी कोरडा पडतो.

विहिरींची नोंदणी आणि पाणलोटनिहाय नियोजन या गोष्टी राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात आहेतच. त्या अमलात आणण्याची वेळ धरण बांधून झाल्यावर नव्हे, आताच आहे. प्रत्येक गावाचा वार्षिक उपसा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि त्याची मर्यादा ग्रामसभेने ठरवावी. तसे झाले नाही, तर कोट्यवधी रुपये खर्चून भूगर्भात उतरविलेले पाणी ज्याचा पंप मोठा त्याच्याच शेतात वर येईल.