शिसे : मुलांच्या रक्तात लपलेले विष

मूल चिडचिडे झाले आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही, पोट दुखते म्हणते, रंगही फिकट दिसतो. अशा वेळी आपण जंत झाले म्हणतो, शाळेचा ताण म्हणतो, नाहीतर दृष्ट काढतो. बहुतेक वेळा कारण साधेच असते. पण काही मुलांच्या बाबतीत ते रक्तात दडलेले असते आणि त्याचे नाव असते शिसे.

आपल्याकडे या विषाचा माग काढला गेला तो बंगळुरूतून. जॉर्ज फाउंडेशन या तेथील संस्थेने १९९७ च्या सुमारास ‘प्रोजेक्ट लेड-फ्री’ हाती घेतला. बंगळुरू, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा मोठ्या शहरांतील सुमारे २२ हजार लोकांचे रक्त तपासण्यात आले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या दर १०० मिलिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले. त्या काळी १० हीच धोक्याची रेषा मानत. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही.

हे शिसे येत होते मुख्यतः पेट्रोलमधून. इंजिन ठोके मारू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत, आणि ते धुरावाटे रस्त्यावर, अंगणात, धुळीत उतरे. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, या वाटेवर आला तो २०२१ मध्ये. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात पुढे शिसे-विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी ते नावारूपाला आणले.

शरीर फसते कसे?

शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून आतड्यातून आत घेते आणि हाडांत साठवते. तेथे ते अनेक दशके राहू शकते. गरोदरपणी हाडांतले कॅल्शियम बाळाकडे जाऊ लागले, की त्याच्यासोबत हे जुने शिसेही निघते आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. रक्तातील हिमोग्लोबिन बनवणाऱ्या प्रक्रियेतही ते अडथळा आणते. म्हणून पंडुरोग होतो. सर्वात मोठे नुकसान मेंदूचे. तेवढ्याच शिशातून मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते आणि वाढत्या मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही.

आता ते येते कुठून?

पेट्रोल सुधारले, तरी धोका संपला नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात, भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. जुन्या बॅटऱ्या गल्लीबोळांत फोडून वितळवणे हे एक मोठे कारण. अशा कामावरून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरात येते. जुन्या घरांचे पोपडे निघालेले रंग हे दुसरे कारण. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीचे रंग भिंतींवर अजून आहेत. याशिवाय पिवळेधमक दिसावे म्हणून हळदीत मिसळलेले लेड क्रोमेट, भेसळीचा शेंदूर, काही प्रकारचा सुरमा आणि शिसेमिश्रित कथलाची कल्हई याही वाटा आहेत.

घरात काय करावे?

• जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. रांगत्या बाळाची खेळणीही धुवावीत.
• धूळ कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.
• जुना रंग घरात मुले असताना घासू नये.
• कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्यावी. चिंच, कोकम, ताक घातलेले पदार्थ पितळी भांड्यात ठेवू नयेत.
• बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नये.
• मुलांना उपाशीपोटी ठेवू नये. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते.
• पाणी उकळल्याने शिसे जात नाही, हे लक्षात ठेवावे.

आहाराची मदत मोठी आहे. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले, की शिशाला आत शिरणे सोपे जाते. कर्नाटकातला रागीचा मुद्दा आणि आपली नाचणीची भाकरी कॅल्शियमने समृद्ध आहेत. जोडीला दूध, तीळ, पालेभाज्या, उसळी आणि लोह नीट शोषले जावे म्हणून लिंबू किंवा आवळा द्यावा. मात्र आहार शिशाची वाट अडवतो, साचलेले शिसे धुऊन काढत नाही.

शंका असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. प्रमाण फार वाढले असेल, तर शिसे बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात देखरेखीखाली देतात. ‘शरीरशुद्धी’च्या नावाने विकली जाणारी चूर्णे त्यासाठी घेऊ नयेत. पण पहिला उपाय एकच : शिसे येते कुठून ते शोधून ती वाट बंद करणे. मूल त्याच धुळीत परतले, तर औषधाचा उपयोग टिकत नाही.