वस्तीचे दुःख वस्तीनेच नोंदवावे
२०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. देशभरच्या सरकारी अहवालात पहिले कारण ‘कौटुंबिक समस्या’. त्यामागे बचत गटाचा थकलेला हप्ता होता की कॉलेजात जातीवरून झालेला अपमान, हे कळत नाही. जातीचा रकानाच त्यात नाही. म्हणून हा शोध आपल्या महिला मंडळांनी, तरुणांनी घ्यावा आणि विद्यापीठांनी त्यांना प्रशिक्षण व मानधन द्यावे, असे आम्हाला वाटते. शेजारणीपाशी निघणारा शब्द फॉर्म घेऊन आलेल्या परक्यापाशी निघत नाही. मात्र नाव, घर क्रमांक लिहू नये. वस्तीत बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. विचारताना कुणी खचलेले दिसले, तर कागद बाजूला ठेवून जवळ बसावे, टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून द्यावा.