ही तिन्ही एका घरची नव्हेत

मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत रविवारी सकाळी आरोग्यावरची व्याख्यानं होतात. पुढच्या खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी, मागे चहाची किटली आणि माइकसमोर ठाम आवाजात बोलणारे एक गृहस्थ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: होमिओपॅथी, निसर्गोपचार आणि झाडपाल्याची औषधं ही एकाच आईची लेकरं. तिन्ही नैसर्गिक, तिन्ही आपल्या मातीतली, तिन्हींचा अपाय शून्य. तेव्हा तिन्ही एकत्र घ्या आणि ॲलोपॅथीच्या कचाट्यातून सुटा. टाळ्या पडतात. मग कुणी वहीत काढ्याची कृती उतरवून घेतं, कुणी गोळ्यांचं नाव.

यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘आपल्या मातीतली’ हा मुद्दा एका ओळीत संपतो: होमिओपॅथीचा जनक सॅम्युअल हानेमान १७५५ मध्ये जर्मनीतल्या मायसेनला जन्मला आणि निसर्गोपचारातल्या कटिस्नानाचा प्रचारक लुई कूने लाइपझिगचा. ‘नैसर्गिक’चं उत्तरही तेवढंच: सोमलही निसर्गातच सापडतो.

खरी गोची आहे ती होमिओपॅथीला झाडपाला समजण्यात. उपनगरांतल्या कितीतरी घरांत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांना सर्रास ‘आयुर्वेदिक गोळ्या’ म्हटलं जातं आणि व्याख्याते हा गैरसमज दर रविवारी पक्का करतात. म्हणून या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, आणि त्यासाठी बिब्ब्याइतका चांगला साक्षीदार नाही.

बिब्बा मराठी माणसाला नव्याने सांगावा लागत नाही. काळंभोर, चपटं, बदामासारखं बी. सुईने टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरलं की तेलाचा काळा थेंब सुटतो. पायाच्या भेगेवर आजी तो थेंब जपून टेकवायची आणि हात डोळ्यांना लावू नकोस म्हणून दटावायची. परीट याच रसाने कपड्यांवर खुणा करत आणि कितीही धुतलं तरी ती खूण जात नसे. अंगाला जास्त लागला तर बिब्बा उततो: कातडी लाल होते, फोड येतात, रात्रभर खाज सुटते. वैद्य तो पोटात देण्याआधी विटकरीच्या भुकटीत घोळून त्याची शुद्धी करतात, कारण या बियात जहाल द्रव्य आहे हे त्यांना ठाऊक असतं. मात्रा वाढवली की परिणाम वाढतो आणि अपायही वाढतो. वनौषधीचा सगळा व्यवहार असा मात्रेवर चालतो.

याच बिब्ब्याचं होमिओपॅथीतलं नाव ॲनाकार्डियम. विसरभोळेपणावर आणि परीक्षेच्या धास्तीवर ते दिलं जातं. ते बनतं कसं? मूळ अर्काचा एक भाग ९९ भाग मद्यार्कात मिसळून जोरजोरात हलवायचा. ही पहिली पायरी. त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत, ही दुसरी. बाटलीवर ३० लिहिलं असेल तर असं तीस वेळा झालेलं असतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या विहार तलावात साधारण २,७७० कोटी लिटर पाणी मावतं. भरलेल्या विहारमध्ये बिब्ब्याच्या अर्काचा एक थेंब टाकून तलाव ढवळला, तर आपण सातव्या पायरीच्या जरासे पुढे पोहोचतो. अजून बावीसहून जास्त पायऱ्या उरतात. अकरावीच्या रसायनशास्त्रातला ॲव्होगॅड्रोचा आकडा लावून पाहिला, तर बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणू तरी उरला असेल याची खात्री देता येत नाही. तिसाव्या पायरीचं विरलीकरण म्हणजे एकावर साठ शून्यं.

होमिओपॅथीचे जाणकार हे लपवत नाहीत. विलेपार्ल्याला इर्ल्यात चंदाबेन मोहनभाई पटेल होमिओपॅथिक महाविद्यालय आहे. तिथल्या बीएचएमएस पदवीच्या अभ्यासात हानेमानचा १८१० मधला ‘ऑर्गॅनन’ हा ग्रंथ शिकावाच लागतो. त्या शास्त्राचा दावाच असा, की पदार्थ जसजसा विरळ होतो तसतशी औषधाची शक्ती वाढते. २०० ची बाटली ३० पेक्षा तीव्र. दुसरा दावा समानाने समानाच्या उपचाराचा. सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिल्यावर हानेमानला हिवतापासारखी लक्षणं जाणवली आणि १७९० च्या त्या प्रयोगातून हे तत्त्व निघालं. त्याच सालीतून १८२० मध्ये फ्रेंच रसायनज्ञांनी क्विनाइन वेगळं काढलं, आणि आपल्या पणजोबांनी हिवतापात कडू तोंड करून गिळलेलं कोयनेल ते हेच. एका सालीतून दोन उलट्या वाटा फुटल्या: एकीने सालीतला अंश शोधून मोजला, दुसरीने तो विरळ करत नेला. वैद्य म्हणतो, जास्त दिलं तर जास्त परिणाम. होमिओपॅथ म्हणतो, कमी होत गेलं तर जास्त परिणाम. या दोघांना एका पंगतीत बसवणाऱ्याने दोघांचंही म्हणणं ऐकलेलं नसतं.

शिवाय होमिओपॅथीची औषधं वनस्पतींपुरती नाहीतच. नेट्रम म्युर म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ, एपिस म्हणजे मधमाशी, लॅकेसिस म्हणजे सापाचं विष, सेपिया म्हणजे माकुळाची शाई. यात झाडपाला कुठे आहे?

मूळ अर्क, म्हणजे मदर टिंक्चर, याला अपवाद आहे हे मान्य करायला हवं. बाटलीवर ‘क्यू’ असेल तर त्यात वनस्पतीचा अंश खरोखर असतो. तेव्हा लेबल वाचायला शिकवणं हे वक्त्याचं काम होतं, आणि ते त्याने केलं नाही.

या घोटाळ्याची किंमत मुंबईने २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत जवळून पाहिली. जानेवारीत आयुष मंत्रालयाने आर्सेनिकम अल्बम ३० तीन दिवस उपाशीपोटी घ्यायचा सल्ला दिला आणि उन्हाळ्यात त्या बाटल्या सोसायट्यांच्या गेटवर वाटल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ आणि एक भाग मिरी असा आयुष काढा घरोघरी उकळू लागला. वाफ आणि मिठाच्या गुळण्या होत्याच. एकाच ओट्यावर तीन वेगळ्या विचारांचे उपचार मांडलेले, आणि घरातल्यांच्या तोंडी तिन्हींना एकच नाव: ‘आयुर्वेदिक’. ‘आयुष’ हे नाव मुळात वेगवेगळ्या पद्धतींची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे. त्या जोडाक्षराला एकच शास्त्र समजायचं कारण नव्हतं.

काढ्याबरोबर गुळवेलही आली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. ती वेल खरी गुळवेल होती की तिची दुसरी जात, असा प्रतिवाद मंत्रालयाने केला. हा वाद कुठल्याही बाजूने सुटला तरी एक गोष्ट ठरते: वनस्पतीत रसायन असतं, ते गुण देतं आणि घावही घालतं. केईएमच्या रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रिसर्पिन वेगळं झालं, जगभर वापरलं गेलं, आणि त्यामुळे आलेल्या नैराश्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या. हे दूर कशाला, पावसाच्या तोंडाशी बोरिवली स्टेशनबाहेर शेवळं विकणारी आदिवासी बाई सोबत काकडं घ्यायला सांगते, नाही तर घसा खवखवतो. झाडपाला निरुपद्रवी नाही, हे तिला पक्कं माहीत असतं.

निसर्गोपचार तर तिसऱ्याच गावचा. त्यात औषधच नाही. मातीची पट्टी, कटिस्नान, उपवास, ऊन, आहार. होमिओपॅथीची बाटली औषध कायद्याखाली परवाना घेतलेल्या कारखान्यातून येते. निसर्गोपचाराला बाटलीच चालत नाही. गांधीजींनी आयुष्यभर या पद्धतीची कड घेतली, १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम उभा राहिला. पण जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छ सुजलं तेव्हा पुण्याच्या ससूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि विश्रांतीला ते जुहूला राहिले. मातीच्या पट्टीची हद्द कुठे संपते हे त्या प्रसंगाने दाखवलं.

‘गोळ्यांनी गुण येतो, मग नावाशी काय देणंघेणं?’ हा जुना वादही दर वेळी वर येतो. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की होमिओपॅथी परिणामकारक ठरल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारात नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी होमिओपॅथीची बाजू होमिओपॅथीच्या पुराव्यानिशी मांडावी. सर्पगंधेचं श्रेय तिच्या खात्यात टाकू नये. नावाशी देणंघेणं कायद्यालाही आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणा ठरवला.

मग करायचं काय? प्रत्येकाला त्याचा प्रश्न विचारायचा. काढ्याला: कोणती वनस्पती, किती, किती दिवस? गोळ्यांना: बाटलीवर क्यू आहे की ३०? निसर्गोपचाराला: कुठे थांबून रुग्णालय गाठायचं? आणि घाटकोपर-अंधेरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारलं, की ‘काही नाही, घरगुतीच’ असं न म्हणता पुडी आणि बाटली टेबलावर ठेवायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या काढ्यात काय आहे, हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे.

व्याख्याते गृहस्थ पुढच्या रविवारी येतील तेव्हा त्यांनी तीन वस्तू सोबत आणाव्यात: एक बिब्बा, ॲनाकार्डियम ३० ची एक बाटली आणि ओल्या मातीची एक पट्टी. मग पुढच्या रांगेतल्या आजींना, ज्यांनी बिब्बा उतलेला पाहिला आहे, या तिन्हींत काय काय आहे ते एकेक करून सांगावं.