दूध आईचं, रजा कुणाची?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह येतो आणि सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर नवं पोस्टर लागतं. आईचं दूध म्हणजे अमृत. पहिल्या तासात चीक पाजा. सहा महिने पाणीसुद्धा देऊ नका. यातलं एकही वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चूक नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर 'ही स्तनपानाच्या विरोधात लिहिते' म्हणणारे निघतीलच. माझा वाद पोस्टरच्या गृहीतकाशी आहे. बाईकडे फक्त माहिती कमी आहे असं ते धरून चालतं. ती अडाणी आहे, सासूचं ऐकते, म्हणून बाळाला मध चाटवते, चौथ्या महिन्यात वरचं दूध सुरू करते. तिला जागृत केलं की काम झालं.

आता सरकारचेच आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त 41.8 टक्के. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाळ डॉक्टर-नर्सच्या समोर जन्मतंय आणि तरी निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळत नाही. मग अडाणी कोण? त्या तासाला सासू तर वॉर्डच्या दाराबाहेर उभी होती.

बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात ज्या अडचणी येतात त्या माहितीच्या कमी आणि मदतीच्या जास्त आहेत. बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात धरलं तर ते चिरतं, रक्त येतं, पाजताना डोळ्यांतून पाणी येतं. भोवतालचा काळा भाग, विशेषतः खालचा, बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, ताण इतका की बाळाला धरताच येत नाही. तेव्हा थोडं दूध हाताने पिळून काढलं की बाळ पकडतं. ते न जमल्यास गाठ होते, लाली येते, ताप चढतो. अशा वेळी 'दूध नासलं, पाजू नको' असं घरचे म्हणतात, पण खरं तर पाजत राहायचं असतं आणि ताप उतरला नाही तर दवाखाना गाठायचा असतो. दूध पुरतं की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरत नाही. पहिल्या आठवड्यानंतर ते दिवसाला सहा-सात वेळा लघवी करतंय का आणि वजन वाढतंय का, यावरून ठरतं.

यातलं काहीही पोस्टर वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी बसावं लागतं. बाळाचं डोकं धरावं लागतं, बाईच्या छातीला हात लावावा लागतो, उशी कुठे ठेवायची ते दाखवावं लागतं. हे स्पर्शाचं काम आहे. आणि या देशात स्पर्श कुणाला मिळतो, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानमधल्या गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला, त्यात भेदभाव सर्वात जास्त दिसला तो स्पर्शातच. गोळी हातावर वरून टाकली जाते, तपासणी लांबून होते. जिथे लेकराच्या कपाळाला हात लावायला कचरतात, तिथे त्याच्या आईची छाती कोण धरणार? माझी मावसबहीण एका सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. चिरा पडल्याचं तिने सांगितलं तर खाटेच्या पायथ्याशी उभं राहूनच उत्तर आलं: "पाज गं, नाटकं करू नको." शेजारच्या खाटेवरच्या बाईला मात्र उशी लावून शिकवलं गेलं. कारण नोंदवहीत कुठेही लिहिलेलं नसतं, म्हणून तक्रार तरी कशाची करणार?

गंमत अशी की स्पर्शाचा हा हिशोब पूर्वी उलटा होता. बाळंतपणाचं रक्त, नाळ, वार हे सगळं विटाळाचं, म्हणून उत्तर भारताच्या मोठ्या भागात नाळ कापायचं काम दलित दाईवर टाकलेलं होतं. घाण काढायला तिचा हात चालत होता. ते कौशल्य होतं, पण त्याला कधी विद्या म्हटलं गेलं नाही. पुढे बाळंतपण दवाखान्यात गेलं, मान आणि पगार मिळवून देणारं काम झालं, आणि त्या दाईच्या नाती तिथे बहुतेक झाडू-पोछा करताना दिसतात.

दुसरी गोष्ट वेळेची. दूध मागणीवर चालतं. बाळ जितकं ओढेल तितकं बनतं. छाती तासन्‌तास भरलेली राहिली की शरीर दूध बनवणं कमी करतं. सकाळी सहाला निघून संध्याकाळी परतणाऱ्या बाईचं दूध 'आटतं' ते या साध्या कारणाने. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. ओली बाळंतीण मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवते आणि बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं. ओटीपोटाचे स्नायू सावरलेले नसताना असं ओझं उचललं की अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की 2019 मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गर्भाशय गेल्यावर समिती आली. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिला कुणी बसू दिलं असतं का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

'आपल्या संस्कृतीत बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती असते' असं मराठी मासिकांतून मोठ्या कौतुकाने लिहिलं जातं. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, माहेरपण. कुणाच्या संस्कृतीत? जिच्या वाटणीचं काम करायला घरात गडी-बाई होती, तिच्या. बाकीच्यांच्या आज्या दहाव्या-बाराव्या दिवशी खुरपायला गेल्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण 600 कॅलरी जादा लागतात. त्या ताटातून आल्या नाहीत तरी दूध सहसा थांबत नाही. ते तिच्या हाडामांसातून येतं. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. अमृताचं पोस्टर लावणाऱ्यांनी हा आकडा त्याच पोस्टरवर छापून दाखवावा.

कायदा काय म्हणतो? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे पगारी रजा दिली, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत कामावर दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी आधीपासून होती, 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. छान आहे. हे सगळं तिच्यासाठी, जिचं नाव हजेरीपटावर आहे. शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवरची, रस्त्याच्या कंत्राटातली, म्हणजे आपल्या बहुसंख्य आया-बहिणी या दाराबाहेर आहेत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. केंद्राने 2017 मध्ये मातृवंदना योजना आणली ती 5,000 रुपयांची आणि पहिल्या बाळापुरती. पुढे दुसऱ्या बाळालाही पैसे मिळू लागले, पण ती मुलगी असेल तरच. दुसरा मुलगा झाला तर त्याच्या आईला दूध फुकट पडतं बहुधा. 5,000 ला 180 दिवसांनी भागा. दिवसाला सुमारे 28 रुपये. या पैशात घरी बसून सहा महिने निव्वळ स्तनपान करा, असा सल्ला पूर्ण पगारी रजेवर राहिलेल्या बाईने द्यावा यासारखा उद्धटपणा नाही. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत रोख आणि पोषणपेटी मिळून 18,000 रुपये दिले जातात. पुरेसे नाहीत, पण एक राज्य देऊ शकतं एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला तेव्हा मांडणी स्वच्छ होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. मजूर मंत्री असताना 1943 मध्ये खाणीतल्या बायकांच्या मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती त्यांनीच मांडली. त्यांनी बाईच्या अज्ञानावर भाषण केलं नाही, विश्रांतीचा खर्च कोण देणार ते विचारलं. आपण जयंतीला हा मुद्दा एका ओळीत उरकतो, 'बाबासाहेबांनी स्त्रियांना प्रसूती रजा दिली', आणि ज्यांना ती अजून मिळालीच नाही त्यांचं नावही घेत नाही.

आणि हो, आपण म्हणजे पहिल्या पिढीचे पदवीधर. घरात शिकलेलं माणूस एकच असतं, त्यामुळे वहिनीला, बहिणीला सल्ला देण्याचं काम आपल्याकडे येतं आणि आपण तेच पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतो. वर 'अगं, बाटली लावू नकोस' असा दमही देतो. त्या वेळी तिची भांडी कोण घासतंय, हे विचारायचं राहून जातं. बाळ झाल्यावर पहिले काही दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं. पण दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, बाळाकडे बघवत नाही असं असेल तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहे. आपल्या वस्तीत त्याला अजून 'बाहेरचं' म्हणतात, आणि पदवी घेतलेला भाऊ गप्प बसतो.

विद्यापीठातही वेगळं नाही. पीएचडी करणाऱ्या बाईला 240 दिवसांपर्यंत मातृत्व आणि बालसंगोपन रजा देण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांत आहे, 2022 च्या नियमांतही ती कायम आहे. फेलोशिप थकली की आपण मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. पण या 240 दिवसांसाठी कुठल्या विभागात निवेदन गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वसतिगृहात तान्ह्या बाळासह राहायची सोय नाही म्हणून संशोधन सुटलेल्या मुली मात्र पाहिल्या आहेत. त्यांच्या गळतीचं कारण कागदावर 'कौटुंबिक' असं लागतं.

मागायचं काय, तर सरकारकडे अन्नसुरक्षा कायद्यातला हक्क प्रत्येक बाळंतपणाला, आणि रक्कम किमान वेतनाच्या हिशोबाने. दवाखान्याकडे, प्रत्येक बाळंतिणीजवळ बसून तिला हाताने शिकवणारी प्रशिक्षित बाई, जिला पगार आहे. आशाताईसारखी 'स्वयंसेविका' म्हणून राबवलेली नको. आणि तोवर आपल्या हातात असलेलं एक काम: बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असलेल्या बाईला प्रसूतीसाठी मदत मिळते, नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देत नाही. गावात ग्रामसेवकाकडून, शहरात महापालिकेकडून तो मिळवता येतो, पण अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि वस्तीत तो भरता येणारी माणसं आपणच आहोत.