अरगट, ऑक्सिटोसिन आणि डॉक्टरांची घाई

पारनेर तालुक्यातील सुपा परिसर हा पर्जन्यछायेतला, बाजरीचा मुलूख. पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवावे आणि तरंगेल ते काढून टाकावे, हा कृषी खात्याचा जुना सल्ला. तरंगते ते अरगट. कणसात दाण्याच्या जागी वाढलेली बुरशीची काळपट गाठ. भाकरीत गेली, तर उलट्या आणि गुंगी.

युरोपात राय या धान्यावर वाढणाऱ्या तिच्या चुलतबहिणीचा इतिहास मात्र ‘विषाचे अमृत झाले’ अशा थाटात सांगितला जातो. ही मांडणी सोयीची आहे, खरी नाही. (बाजरीच्या अरगटातील रसायने वेगळी आहेत, त्यात कोणी गावठी औषध शोधू नये.)

सुइणींच्या वापरातील ही पूड १८०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डॉ. जॉन स्टर्न्स यांनी वैद्यकविश्वात आणली. त्यांनी सांगितलेला एक लाभ असा, की डॉक्टरचा वेळ वाचतो. पुढे मृत अर्भके जन्मू लागली, तेव्हा डॉ. डेव्हिड होसॅक यांनी या ‘प्रसूतीच्या पुडी’ला ‘मृत्यूची पूड’ म्हणावे, असे सुनावले.

नैसर्गिक कळ येते आणि ओसरते. त्या मधल्या विश्रांतीत वारेतून बाळाला पुरेसा प्राणवायू मिळतो. अरगटाने गर्भाशय आवळले जाते, ते सैल पडतच नाही. बाळ पोटात असताना ही पकड त्याला गुदमरवते. बाळ व वार बाहेर आल्यावर तीच उघड्या रक्तवाहिन्या दाबून आईचा रक्तस्राव थांबवते. त्यातील नेमके द्रव्य, एर्गोमेट्रीन, १९३५ मध्ये वेगळे झाले.

शरीराला ही वेळ कळते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचा स्नायू शांत ठेवते; दिवस भरत येतात तशी त्यावरील ऑक्सिटोसिनची ग्राहके वाढतात, प्रोस्टाग्लँडिने गर्भाशयाचे मुख मऊ करतात. त्यामुळे एकच मात्रा पाचव्या महिन्यात क्षीण आणि नवव्यात प्रबळ ठरते.

आणि शासनाला काय दिसले? दुभत्या जनावरांना टोचले जाणारे इंजेक्शन! एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास खासगी कंपन्यांना मनाई केली. साऱ्या देशाचा पुरवठा एका सरकारी कंपनीवर सोपवला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना ज्या औषधाला पहिली पसंती देते, ते हेच. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मनाई रद्द केली. परंतु प्रसूतिगृहात, मात्रा न मोजता, बाळाचे ठोके न ऐकता, केवळ लवकर सुटका व्हावी म्हणून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनविषयी त्या अधिसूचनेत कोणताही उपाय नव्हता.