आधी प्रयोजन, मग दुर्बीण

बंदुकीवर कोणती दुर्बीण लावावी हा काय रविवारच्या पुरवणीचा विषय झाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. मराठी घरात बंदूक असते ती दिवाळीतल्या टिकल्यांची, आणि तीही पाडव्यापर्यंत मोडते. पण गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला तीन निरनिराळ्या माणसांनी विचारला. तिघांच्या प्रश्नामागे तीन निरनिराळ्या अपेक्षा होत्या, आणि त्यांतली एक मला धोक्याची वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच.

मला विचारण्याचे कारण एवढेच, की बँकेत असल्यापासून मी एका रायफल क्लबचा सभासद आहे आणि पॉइंट बावीसच्या रायफलीशी माझी बरी ओळख आहे. बँकेने मला आणखी एक गोष्ट शिकवली. कर्जाच्या अर्जावर रकमेच्या आधी प्रयोजन पाहावे. ‘किती हवेत’ हा प्रश्न दुसरा, ‘कशाला हवेत’ हा पहिला. दुर्बिणीचेही तसेच आहे. दुकानदार मात्र ‘किती पट हवी’ इथूनच सुरुवात करतो.

पहिला प्रश्न विचारला तो सोनारीकडच्या माझ्या भाच्याने. परंडा तालुक्यातले सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. चैत्रात तिथे यात्रा भरते आणि अनेक घराण्यांचे ते कुलदैवत असल्याने दूरदूरची माणसे नवस फेडायला येतात. देवळाच्या परिसरात माकडांचा सुळसुळाट असतो. प्रसादावर पहिला हक्क आपलाच, अशी त्यांची ठाम समजूत आहे आणि भाविकांनाही ती मान्य आहे. याच धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी माकडांच्या नावावर ३२ एकर जमीन असल्याचे २०२२ साली वर्तमानपत्रांतून गाजले होते. असा हा मुलूख. पण देवळात हात जोडणाऱ्या माणसाच्या शेतात रात्री रानडुकरे शिरली, की सकाळी मक्याची आडवी झालेली ताटे पाहून त्याच्या मनात काय येत असेल, हे शहरात बसून सांगता येणार नाही. भाचा म्हणाला, ‘‘मामा, बावीसची रायफल आणि वर नऊपट मोठं दाखवणारी दुर्बीण, एवढं जमलं की काम झालं. नऊपट घेऊ का बारापट?’’

मी म्हटले, ‘‘अरे, एकपटसुद्धा घेऊ नकोस.’’

कारण सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम वाचले, तर पिकाच्या राखणीसाठी नळीतून दारू ठासायच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा. पॉइंट बावीसची रायफल त्याच कलमात येते ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाच्या नेमबाजीच्या सरावासाठी. कायद्याने हा भेद उगीच केलेला नाही. या रायफलीची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते. कागदावर भोक पाडायला ती उत्तम. पण रानडुकराला ती जखमी करील, मारील याचा भरवसा नाही. आणि जखमी डुक्कर उसात दबा धरून बसले, तर सकाळी त्याच्यासमोर कोण जाणार? खुरपायला आलेल्या बाया. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीवाचून शिकार हा गुन्हा आहे. या माळरानावर हिंडणारे काळवीट तर त्या कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे.

याहून मोठा धोका दुर्बिणीचाच आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहायचे, म्हणजे जे पाहायचे त्याच्यावर बंदूक रोखावी लागते. ‘पिकात काय हलते ते बघू तरी’ म्हणून डोळा लावला आणि ते हलणारे शेजारचे पोर निघाले, तर त्या क्षणी त्या पोरावर बंदूक रोखलेली असते. पॉइंट बावीसची गोळी लहान खरी, पण मोकळ्या रानात ती दीड किलोमीटरहून अधिक जाऊ शकते. दुर्बीण समोरचा वर्तुळाएवढा तुकडा मोठा करून दाखवते, पण त्यामागची वस्ती, बाजूची पायवाट आणि बांधावर निजलेला राखण्या ती दाखवत नाही. रात्री तर हे सारेच अंधारात जाते. भाच्याला मी सुचवले, की पाहायचेच असेल तर हातात धरायची साधी दुर्बीण घे, आठपट पुरे. नुकसानीचा पंचनामा वेळेवर करून भरपाईचा अर्ज दे, आणि रायफलीचे पैसे कुंपणात घाल. त्याला हे फारसे आवडले नाही. भरपाईच्या कागदामागे किती खेटे घालावे लागतात, हे त्याने मला ऐकवले. त्याचे म्हणणे खरे आहे आणि ती व्यवस्था सुधारली पाहिजे, यात वाद नाही. पण कागद हलत नाही म्हणून अंधारात गोळी सोडावी, हे मला पटत नाही.

दुसरा प्रश्न शेजारच्या मुलीचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवले, आणि आमच्या गल्लीत टेबलाच्या कडेला कोपर टेकवून एक डोळा मिटणारी मुले एकाएकी वाढली. त्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले होते. या दोघांच्या हातातली रायफल पॉइंट बावीसचीच. मुलीला वाटत होते, की एवढ्या लांबून नेम धरायचा म्हणजे दुर्बीण चांगलीच महागडी असणार.

तिला मी सांगितले, की त्या रायफलीवर दुर्बीण नसतेच! स्पर्धेच्या नियमांना ती चालत नाही. डोळ्याजवळ बारीक छिद्राची एक चकती असते आणि नळीच्या टोकाला एक कडे. छिद्रातून कडे आणि कड्यातून लक्ष्याचा काळा ठिपका, अशी वर्तुळात वर्तुळे नीट बसवायची. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. ते काचेच्या मदतीवाचून साधायचे. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्या मुलांनी दुर्बिणीची सवय लावून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आईबापांनी तो पैसा प्रशिक्षकाची फी, चांगले जाकीट आणि गोळ्या यांवर खर्च करावा. पॉइंट बावीसचे काडतूस कडेवर ठोका बसून पेटते, त्यामुळे त्याचे रिकामे कवच पुन्हा भरता येत नाही. प्रत्येक बार नवा आणि प्रत्येक बाराचे पैसे नवे.

तिसरा प्रश्न मात्र खरोखर दुर्बिणीचा होता. क्लबातले माझे एक समवयस्क मित्र. पदकाची आशा नाही, शिकारीची इच्छा नाही. रविवारी सकाळी ५० मीटरवर कागदाला भोके पाडावीत आणि घरी येऊन पोहे खावेत, एवढेच त्यांचे प्रयोजन. डोळ्यांना आता पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. अशा माणसाने दुर्बीण जरूर लावावी. त्यांना सांगितले तेच इथे सांगतो.

पहिली गोष्ट, पट कमी घ्यावी. चारपट पुरते. दुर्बीण लक्ष्याबरोबर आपल्या हाताचा कंपही मोठा करून दाखवते. उभ्याने बारापटीतून पाहिले, तर लक्ष्य भूकंपात सापडल्यासारखे नाचते आणि माणूस घाईने घोडा ओढतो.

दुसरी गोष्ट, पुढची काच मोठी म्हणजे उजेड जास्त, या समजुतीला बळी पडू नये. काचेच्या व्यासाला पटीने भागावे. ३२ मिलिमीटरची काच आणि चारपट, म्हणजे आठ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याशी येतो. साठीनंतर अंधारातही आपली बाहुली फार तर पाचेक मिलिमीटर उघडते. वरचा उजेड फुकटच जायचा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच दुकानात सांगत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बाजूने पाहिले, की काटा मिनिटभर पुढे-मागे दिसतो. दुर्बिणीतही डोळा जरा सरकला, की आतली फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी वाटते. हा दोष एका ठरावीक अंतरावर नाहीसा होईल, अशी बांधणी कारखान्यात केलेली असते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींत ते अंतर शंभर यार्ड किंवा त्याहून अधिक असते. पॉइंट बावीससाठी ते पन्नासच्या आसपास हवे. मोठ्या रायफलीची भारी दुर्बीण आणून छोटीवर बसवणाऱ्याची फसगत इथेच होते.

बाकी गोष्टी किरकोळ. दुर्बीण धरणारी कडी आपल्या रायफलीच्या खाचेला बसतात ना, हे आधी पाहावे. स्क्रू बेताने आवळावेत. एका टिचकीला ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल, एवढी बारीक जुळणी पुष्कळ झाली. आणि ५० मीटरला नेम जुळवला, तर १०० मीटरवर हीच गोळी जवळजवळ वीतभर खाली लागते, हे विसरू नये. दुर्बीण शंभर मीटरवरचे जवळ दाखवते. गोळीला मात्र तेवढे अंतर तोडावेच लागते.

सोनारीहून जवळच असलेल्या परंड्याच्या किल्ल्यात एकेकाळी मुलूख-मैदान ही प्रचंड तोफ होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. तिचा जबडा पाहूनच शत्रूला धडकी भरावी, हेही तिचे एक काम होते, त्यामुळे मोठी असणे हा तिचा गुणच. आपल्या कामाला तेवढे दांडगेपण लागत नाही. तरी खरेदीला निघालो, की आपली नजर मोठ्या आकड्यावरच जाते, मग ती दुर्बीण असो, मोटार असो वा घराचे कर्ज.

दुर्बीण कशी निवडावी, याचे माझे उत्तर असे आहे. लक्ष्य कोणते, त्याच्या मागे काय आहे आणि आपल्याला त्यावर गोळी झाडण्याचा अधिकार आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसत असतील, तर चारपटीची साधी दुर्बीण बहुतेकांना पुरते. ती दिसत नसतील, तर रायफल पेटीतच राहू द्यावी.