खोकणारा सोबती

कुरखेड्याकडे पहांटे मोहफुलें वेंचावयास माणूस निघाला कीं घरचा कुत्रा त्याच्या चार पावलें पुढें असतो. असा हा सोबती एखादे दिवशीं कोरडें, कर्कश खोकूं लागतो, ओकारी आल्यासारखें करतो, थोडा पांढरा फेंस टाकतो. आणि घरची मंडळी ‘घशांत हाड अडकलें’ असें ठरवून मोकळी होतात. मग कोणी तरी त्याच्या तोंडांत हात घालतो. आमचा पहिला आक्षेप ह्या हातासच आहे. पिसाळलेल्या कुत्र्यासही गिळतां येत नाहीं, त्याची लाळ गळते, आवाज बदलतो, व पाहणारास हाडाचाच भास होतो. ती लाळ ओरखड्यास लागली तर पंधरा मिनिटें साबणपाण्यानें धुऊन त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठला पाहिजे.

बहुतेक वेळीं मात्र तो कुत्र्यांचा सांसर्गिक खोकला असतो. बोर्डेटेला नांवाचे जंतु व कांहीं विषाणु तो उत्पन्न करतात. खोकल्याच्या तुषारांतून आणि एकाच भांड्यांतील पाण्यांतून तो पसरतो, व दोन ते चौदा दिवसांत प्रकट होतो. धडधाकट कुत्रा तीन आठवड्यांच्या आंत बहुधा आपोआप बरा होतो. त्यास चुलीच्या धुरापासून दूर ठेवावें, भांडें निराळें द्यावें, गळ्यास दोरी आवळूं नये. माणसांच्या तापाच्या व खोकल्याच्या गोळ्या त्यास अपायकारक होत. त्या मुळींच देऊं नयेत.

परंतु ताप, धाप, डोळ्यानाकांतून पू, किंवा झटके दिसल्यास तो डिस्टेंपर असूं शकतो. त्या विषाणूस मारणारें औषध नाहीं. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लास लस टोंचण्यास आरंभ करणें, हाच उपाय. आणि आपल्याकडे हा प्रश्न अंगणापुरता नाहीं. २०१८ सालीं गीरच्या अरण्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतील कांहींत हाच विषाणु सांपडला. वडसा वनविभागांत वाघांचा वावर आहे, व हा रोग वाघासही होतो. म्हणून कंटाळून आजारी कुत्रा रानाच्या कडेस सोडून येणें, ह्यास आम्ही निव्वळ निष्काळजीपणा म्हणत नाहीं, अपराध म्हणतों.

लशीचा खर्च पालकांनीं सोसावा. तीन आठवडे कुत्र्यास अंगणांत बांधणें, आठवडी बाजारास जातांना मागें येऊं न देणें, हें काम मुलांनीं पत्करावें. तो ऐकतो त्यांचेंच.